एकोणीस जोड्यांचं पान

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार लिहिलाय असं समजा.

नऊ वर्षांनी पत्र आलंय म्हणजे काहीतरी मागायलाच आलं असणार, हे तुम्ही पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असेल. बरोबर ओळखलंत. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

इथल्या कलाशाळेत मुलींना बॉबिनची लेस शिकवायला बाई हव्यात. शाळेच्या मुख्य बाईंनी माझं काम बघितलं, भिंग लावून उलट्या बाजूनंही बघितलं आणि पसंत केलं. मग विचारलं, शिकलात कुठे? मी सासरचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "न्यायाधीशांच्या मुलीची शाल ज्या घरातून गेली, तेच ना? पहिल्याच धुण्यात सुटली ती. तिथल्या सुनेच्या हातची होती म्हणे."

मी म्हटलं, "ती सून मीच."

बाई चांगल्या आहेत. नाही म्हणाल्या नाहीत. "तुमच्या नणंदबाई अजून तो लेसचा कारखाना चालवतात, त्यांच्याकडून लिहून आणा की सुटलेली पानं तुमच्या हातची नव्हती, मग माझी हरकत नाही," असं म्हणाल्या. वीस एप्रिलपर्यंत मुदत दिलीय.

मला ती एक ओळ हवी आहे. शालीला लेसची बावीस पानं होती. पहिली सतरा तुम्ही आणि मी आलटून पालटून केली. शेवटच्या पाचांना मी शिवलेही नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं आणि तीन आठवडे माझा हात पट्टीत होता. हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या भावालाही माहीत आहे, पण त्याला विचारलं की तो चष्मा पुसायला घेतो.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही त्याला एकट्यालाच बोलावलंत. "तिला आणू नकोस" हा तुमचा निरोप त्यानं मला सांगितला नाही, फक्त बॅग एकट्याची भर म्हणाला. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायला बसले तर मागायचं राहून जाईल.

टाचणी
(तुमच्या आईंनी ठेवलेलं नाव. हे तरी परत मागू नका.)


१२ फेब्रुवारी

टाचणी,

आशीर्वाद गृहीत धर. तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवलेले नाहीत.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगीच नाही. आमच्या घरात आलीस तेव्हा टाचण्यांच्या उशीपुढे बसून दोऱ्याची बॉबिन कोणत्या हातात धरायची ते ठाऊक नव्हतं, आणि आता मुलींना शिकवणार! शिकव. पण आधी तू काय शिकलीस ते मला सांगू दे, कारण तुझ्या शाळेच्या बाईंना ते माहीत नसणार.

मिलानी लेसची पट्टी आठ जोड्यांनी सुरू होते, जोडी म्हणजे दोन बॉबिनांवरचे दोन धागे. पान रुंद होत जातं तशी काठाच्या टाचणीवर नवी जोडी टांगायची आणि आत घ्यायची, एकेक करत एकोणीस जोड्यांपर्यंत. मग पान टोकाकडे निमुळतं होतं तशा त्याच जोड्या काढत परत आठवर यायचं. घालायला अक्कल लागत नाही. गर्दी जमवणं कुणालाही जमतं. काढताना मात्र बाईचा हात कळतो, कारण काढलेल्या जागेचा बाकीच्यांना पत्ता लागता कामा नये. त्या पाच पानांत तो लागला. पाण्यात घातल्याबरोबर टोकं उलगडली आणि जिथं पातं होतं तिथं कोळ्याचं जाळं उरलं. न्यायाधीशांच्या घरचा माणूस ती शाल वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता. आईच्या चाळीस वर्षांच्या कामावर त्यानं दारात उभं राहून बोट ठेवलं.

नखुरड्याचं मला सांगू नकोस. दुखरा अंगठा घेऊन तू नको म्हटलं तरी उशीवर बसणारी बाई. केलीस, बिघडवलीस, आणि आता नाचता येईना अंगण वाकडं.

आणि हो, मागणारणीनं आधी देणं बघावं. पानाचा खाका, आईनं स्वतः पुठ्ठ्यावर भोकं पाडून केलेला, तू गेलीस त्या दिवसापासून घरात नाही. पाय फुटून गेला नसेल. तो परत कर, मग ओळीचं बघू.

थोरली


१७ फेब्रुवारी

वन्सं,

धडा मिळाला. एक गोष्ट मात्र शिकवायची राहिली, की मुद्दाम गाळलीत?

जोडी काढताना एकाच जोडीचे दोन्ही धागे काढायचे नाहीत. शेजारच्या दोन जोड्यांतून एकेक धागा उचलायचा, मध्ये एक सोडून. आई म्हणायच्या, "एका घरातली दोन्ही माणसं एकदम उचलू नयेत. दोन घरांतून एकेक उचलावं, म्हणजे मागे राहिलेले दोघं एकमेकांना धरून राहतात." उचललेले धागे मागे टाकायचे, वर चार ओळी विणायच्या, आणि मगच कात्री. हे मला आईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं आणि चुकले की पट्टीनं बोटांवर मारलंही. त्यानंतर मी एकदाही चुकले नाही.

तेव्हा त्या पानांत काय चुकलंय ते शोधायला माझी साक्ष नको आणि तुमचीही नको. शाल तुमच्याकडे परत आली. आईंच्या पेटीत आहे, तुमच्या भावानं मागच्या वर्षी डोळ्यांनी बघितली. पेटी उघडा. शाल उलटी करा. कुणाचा हात आहे ते धागेच सांगतील. नऊ वर्षांत तुम्हाला एकदाही करावंसं वाटलं नाही हे?

मी घर सोडलं तेव्हा ती शाल मला कुणी हातात घेऊ दिली नाही. नुसतं सांगितलं की तुझ्यामुळे घराचं नाक गेलं. मी चोवीस वर्षांची होते. मला वाटलं, खरंच माझ्याच कुठल्यातरी पानाचं असेल. ते घर सोडून दोन वर्षं झाल्यावर मी एकदा भांडी घासता घासता मोजलं, की सुटली ती शेवटची पाच, आणि शेवटच्या पाचांना तर माझा हातच लागला नव्हता.

खाक्याचं नंतर बोलू.

टाचणी


२५ फेब्रुवारी

टाचणी,

खाक्याचं नंतर! वाचून मी हसले. कारखान्यातल्या सहाही बायांनी मान वर करून बघितलं, कारण इथं माझं हसणं दुर्मीळ असतं.

पेटी आईची आहे. तुझ्या हुकुमानं मी तिला हात लावणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मेलेल्या माणसाची पेटी तर त्याहून मोलाची.

पण मी अन्याय करते असं कुणी म्हणायला नको. तुला तुझ्या हाताची एवढी खात्री आहे ना, मग दाखव. एक पान करून पाठव. आठापासून एकोणीस, एकोणीसपासून आठ, त्याच शालीचं, त्याच मापाचं, त्याच दोऱ्याचं. आईच्या पानाचा डावा काठ मध्यावर किंचित आत येतो, ते वळण मला झोपेतून उठवलंस तरी ओळखता येईल. केसाचाही फरक पडला तर कळेल. पान आलं की बघीन, मग ठरवीन. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असेल तर खुशाल घे.

माझ्या भावाला सांग, चष्मा फार पुसला की काचेवर ओरखडे पडतात.

थोरली


१४ मार्च

वन्सं,

पान सोबत आहे. पातळ कागदात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठे फेकून देण्याआधी वरचा नीट बघा. भोकं मोजा हवी तर.

हो, तोच. तुमचा सापळा मला पत्र वाचतानाच दिसला होता. आईंच्या मापाचं पान हवं म्हणजे आईंचा खाका हवा, आणि तो वापरला की चोरी सिद्ध. मी पाऊल मुद्दाम टाकलंय. पण चोरलेला नाही. मी निघाले त्या सकाळी माझी विणकामाची टोपली दाराशी होती. आई आतून आल्या, दोऱ्याच्या रिळांखाली काहीतरी सरकवलं आणि आत गेल्या. गाडीत बसल्यावर बघितलं तर खाका. मला वाटलं, त्यांनी तोंडावर मारलाय. घे तुझं काम आणि तोंड काळं कर, असं. दोन वर्षं मी तो कपाटाच्या तळाशी उलटा ठेवला होता. आता परत केला. हिशेब मिटला.

पानाच्या उलट्या बाजूनं बघा. मी दुसरा आणि चौथा धागा उचलते, आणि मागे टाकते ते उजव्या खांद्याकडे. तुम्हीही उजवीकडेच टाकता, पण तुम्ही जोड्या काठाजवळून काढता आणि मी मधून. आईंसारख्या डावखुऱ्या बाईकडून शिकायचं म्हणजे आरशात बघून भांग पाडायचा. तुम्ही आरसा एका जागी धरलात, मी दुसऱ्या.

आता जे नऊ वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. मला नखुरडं झालं होतं तेव्हा एकदा आईंना विचारलं होतं, "शाल कुठवर आली?" त्या म्हणाल्या, "थोरली संपवतेय." ती पाच पानं तुमची आहेत, वन्सं. न्यायाधीशांकडे तारीख दिली होती, तुम्ही घाई केलीत, चार ओळी थांबायचा धीर तुम्हाला नव्हता. आणि सुटल्यावर सगळ्यांत नवं माणूस जवळ होतं, ते पुढे केलंत. लेकी बोले सुने लागे असं ऐकलं होतं. आमच्याकडे लेकीनं केलं आणि सुनेला लागलं.

वीस एप्रिल.

टाचणी


२ एप्रिल

टाचणी,

पान मिळालं. चांगलं आहे. वळण जसंच्या तसं आहे. खोट काढायला तीन दिवस बसले होते, सापडली नाही. हे मला लिहायला आवडत नाहीये हे तुझ्या लक्षात यावं.

बाकीचं कळवीन.

थोरली


५ एप्रिल

वन्सं,

कधी कळवणार? एकवीस तारखेला?

मुख्य बाईंनी काल पुन्हा विचारलं. दुसरी एक बाई आहे यादीत, तिचं काम मी बघितलंय, ती एकोणीस जोड्यांवर जाऊन परत यायला घाबरते म्हणून सगळी पानं सरळच करते. तिला ती जागा मिळेल आणि वीस मुली आयुष्यभर सरळ पट्ट्या विणतील. तुमच्या अहंकारापायी.

तुमच्याकडे खाका आहे, पान आहे, पेटीत शाल आहे. आता तुम्हाला अडवतंय कोण?

टाचणी


९ एप्रिल

टाचणी,

ओळ सोबत जोडली आहे. कारखान्याच्या कागदावर, सही शिक्क्यासकट. तुला पाकीट फोडायची उत्सुकता असेल म्हणून इथंही उतरवते:

"न्यायाधीशांच्या घरी दिलेल्या शालीची सुटलेली पाच पानं आमच्या सुनेनं केलेली नव्हती. ती मी स्वतः केली. जोड्या काढताना एकाच जोडीचे दोन्ही धागे एकदम काढले, ती माझी चूक. दोष तिच्यावर टाकला, तीही माझीच."

झालं समाधान? नाक दाबलं आणि तोंड उघडलं, असं तू म्हणशील. म्हण.

तुझ्या बाईंनी मलाही एक पत्र घातलं होतं, शाल बघायला मिळेल का म्हणून. तीही पाठवतेय. त्यांना उलटी करून दाखव, आंधळ्यालाही दिसेल. त्यांनी बघितलं म्हणजे पुरे. तू बघायची गरज नाही, तुझं काम झालं.

इथल्या बायांना मी उद्या सांगणार आहे, म्हणजे बाहेरून कानावर यायला नको. बहुतेक दोघीतिघी जातील. जाऊ देत. चुकणाऱ्या बाईच्या हाताखाली कोण शिकणार?

आणि तुझ्यासाठी केलं असं समजून डोळ्यांतून पाणीबिणी काढू नकोस. मला तू कधीच आवडली नाहीस. तू आलीस त्याच्या तिसऱ्या महिन्यात आई मला म्हणाली होती, "हिचा हात माझ्यावर गेलाय." मी तिच्या पोटची, बारा वर्षं उशीवर बसलेली. ते वाक्य मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

शाल परत पाठव.

थोरली


३० मे

वन्सं,

शाल परत पाठवली आहे. हे पत्र तिच्या घडीत आहे, म्हणजे तुम्हाला आधी शाल उलगडावी लागली असेल. तसंच हवं होतं.

बघायची गरज नाही असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही मला दहा वर्षांपासून ओळखता. नको म्हटलं की मी काय करते, हे तुम्हाला माहीत नव्हतं? मी पार्सल खिडकीशी नेलं आणि शाल उलटी केली. आधी मी हसले, कारण तुमच्या कबुलीप्रमाणे सगळं होतं. एकाच जोडीचे दोन्ही धागे काढलेले, पाचही पानांत, शेजारी शेजारी. मग मी भिंग घेतलं.

धाग्यांची टोकं डाव्या खांद्याकडे गेली होती.

पाचही पानांत. एकेक टोक. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

तुमचा भाऊ घरी होता, त्याला हाक मारली आणि दाखवलं. त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाला, "त्या वर्षी आईनं मला दोनदा आमच्या काकांच्या नावानं हाक मारली होती. मला वाटलं, मस्करी करतेय." आणि मग रडला. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

ज्यांनी मला तो नियम पट्टी मारून शिकवला, त्याच तो विसरल्या होत्या. पाच पानं बसून केली, आणि पाची पानांत घरातली दोन्ही माणसं एकदम उचलली.

म्हणजे वन्सं, तुम्ही दोनदा खोटं बोललात. एकदा मला घालवायला आणि एकदा मला सोडवायला. दोन्ही वेळा आईंसाठी. माझ्यासाठी एकदाही नाही. मला इतका राग आला की मी तुमची ओळ फाडायला घेतली होती. राग अजून आहे. तो जाणार नाही. नऊ वर्षं मी कुठल्याही घरात गेले की आधी विचार करायची, यांना शालीचं माहीत असेल का.

तरी ओळ फाडली नाही. दाखवलीही नाही. आत जोडलेली आहे, तुमच्या हातानं जाळा.

मी काय केलं ते सांगते. सुटलेल्या पानांपैकी एकाचं सैल झालेलं सगळं कापलं, धड ओळीपर्यंत मागे गेले, बारीक आकडीनं आठ जोड्या त्या ओळीत अडकवल्या आणि पान नव्यानं सुरू केलं. घालणं घरीच उरकलं. एकोणीस जोड्या उशीवर तशाच बांधून अठरा एप्रिलला शाळेत गेले. तिघी बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "वाढवणं करून आणलंय. काढणं तुमच्यासमोर करते." सकाळी दहाला बसले, दुपारी तीनला आठांवर आले. मधे कुणी उठलं नाही. मुख्य बाईंनी टोक ओढून बघितलं, पाण्यात बुडवून बघितलं, परत ओढलं.

मग विचारलं, "आधीची चूक कुणाची होती?"

माझ्या पिशवीत तुमची ओळ होती. मी म्हटलं, "आमच्या घरातली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं. म्हणाल्या, "सोमवारपासून या."

उरलेल्यांपैकी तीन पानं गेल्या सहा आठवड्यांत केली. आता ही शाल धुतली तरी सुटणार नाही. तुमच्या बायांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. सांगून झालं असेल तर निस्तरा. आईंचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही, घेणारही नाही. हे मी तुमच्यासाठी केलेलं नाही. तुम्हीही पाणीबिणी काढू नका.

एकाच प्रश्नाचं उत्तर द्या, आणि या वेळी खरं द्या. तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?

टाचणी


८ जून

टाचणी,

शाल परत आली त्या दुपारपासून.

खरं हवंय ना, तर पूर्ण ऐक. मी शाल खिडकीशी नेऊन उलटी केली, तशीच, जशी तू केलीस. डावीकडे गेलेली टोकं मला भिंगाशिवाय दिसली. आई समोर खुर्चीत होती. ती उठून आली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काय गबाळं काम आहे. कुणाचं आहे गं हे?" ती नाटक करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. न्यायाधीशांचा माणूस दारात खोळंबला होता, त्यानंही विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, सुनेचं. एवढा वेळ लागला मला, एक श्वास. मी आईला वाचवलं असं मला वाटलं. आणि तू जाशील हेही मला माहीत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. तेही लिहिते, कारण तू खरं मागितलंस.

खाका तिनं तुझ्या टोपलीत का ठेवला ते मला माहीत नाही. तिला कधी आठवायचं, कधी नाही. त्या सकाळी आठवलं असेल. तोंडावर मारला नव्हता एवढं मी खात्रीनं सांगते. तो खाका ती मलाही हातात द्यायची नाही, स्वतः मांडून द्यायची.

बायांना सांगून झालं होतं. दोघी गेल्या. बाकीच्या चौघी राहिल्या. त्यांतली म्हातारी म्हणाली, "थोरले, तू जोडी काठाजवळून काढतेस, हे आम्ही वीस वर्षं बघतोय. थापा मारू नकोस." म्हणजे आईचं सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटीच पेटीवर बसून होते.

शाल उलगडली. चार पानं मोजली, तुझी. पाचवं, अगदी शेवटचं, तू कापलेलं नाहीस. नुसता एक बारीक धागा मागून फिरवून टोक थांबवलंयस. धागे अजून डावीकडेच आहेत. तू त्याबद्दल पत्रात अक्षरही लिहिलं नाहीस. मला ते शोधायला लावलंस. मी अर्धा तास ते पान हातात घेऊन बसले होते आणि तुला शिव्या देत होते. त्यातल्या काही मोठ्यानं दिल्या.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. शेवटची चार वर्षं आई रोज सकाळी उशी मागायची. मी तिला आठ जोड्या लावून द्यायची. घालायच्या जोड्या ती बरोबर घालायची, एकोणीसपर्यंत, हात जराही अडखळायचा नाही. एकोणीस झाल्या की थांबायची. बॉबिनांकडे बघत बसायची. मी म्हणायची, "आई, मी काढू?" तर हात बाजूला सारायची. म्हणायची, "तुला नाही जमत. टाचणीला बोलव. काढायच्या त्या तीच काढेल."

मी सांगायची, ती बाहेर गेलीय, येईल एवढ्यात. ती मान हलवायची आणि तशीच एकोणीस जोड्या सोडून वाट बघत बसायची. संध्याकाळी मी सगळं उसवून ठेवायची, सकाळी परत आठ लावायची.

चार वर्षं तिनं रोज तुझी वाट बघितली. गाडीनं तू पाच तासांवर होतीस, तुझा पत्ता माझ्या वहीत होता.

मी बोलावलं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू हट्टानं देशील, आणि मग मला तुझ्या घरी चहाला यावं लागेल. खाका सोबत परत पाठवतेय. तो तिनं तुला दिला होता.

थोरली